सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
१२ नोव्हेंबर २०२४

सुलूआत्या,

आधी नमस्कार, तक्रारी खाली आहेत.

दिवाळीत तू विचारलंस की जिममध्ये तू नेमकं करतोस काय. मी ओरडून ओरडून सांगितलं, तुझ्या कानापर्यंत काही पोचलं नाही आणि अख्ख्या वाडीला मात्र कळलं. फोनवर तर तू नुसतं 'हो हो' म्हणतेस. म्हणून म्हटलं, लिहूनच कळवतो. दुपारी बारा ते चार मी घरी असतो. झोपायला हवं, पण झोप येत नाही. संचिता म्हणते, छताकडे बघत पडण्यापेक्षा आत्यांना पत्र लिही.

तर मी पर्सनल ट्रेनर आहे, म्हणजे एका माणसामागे एक मास्तर. शांती नगरमधल्या आमच्या जिममध्ये नवा माणूस आला की व्यायामाआधी मी त्याची तपासणी करतो. बसल्या जागी नाडी किती, ब्लडप्रेशर किती. मग वजन, उंची, आणि टेपने कंबर, दंड, मांडी. एक चिमटा असतो, त्यात दंडामागची आणि पोटाची कातडी धरून चरबी किती जाड आहे ते बघायचं. शेवटी एका मशीनवर अनवाणी उभं करून हातात दोन दांड्या द्यायच्या, की अंगात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती याचा कागद ते छापून देतं. सगळं एका फॉर्मवर भरायचं आणि खाली माझी सही. तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

दिवाळी संपली की लोकांना स्वतःचं पोट दिसायला लागतं. आमच्या मालकाने, जितेशभाईने, काचेवर 'फ्री बॉडी चेकअप'चा बोर्ड लावलाय, त्यामुळे दिवसाला चौदा-पंधरा फॉर्म होतात. सव्वाचारला उठतो. साडेपाच ते साडेअकरा जिम, परत साडेचार ते दहा. सान्वीला शाळेत 'माझे बाबा' असं चित्र काढायला सांगितलं होतं. तिने मला सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेला काढलाय. बाईंनी त्याला स्टार दिला.

माझ्या गिऱ्हाइकांत एक नाथाकाका आहेत, जवळच्या चेणे गावचे. एकसष्ट वर्षांचे. तरुणपणी वडिलांबरोबर मिठागरात राबले, आता दोन टेम्पो आहेत. दर चैत्रात गावाची पालखी एकवीरेला जाते. गेल्या चैत्रात पायऱ्यांवर दम लागला म्हणून लोकांनी त्यांच्या खांद्यावरून पालखी काढून घेतली. ते त्यांना फार लागलंय. ऑगस्टपासून माझ्याकडे येतात, येत्या चैत्रात वरपर्यंत खांदा द्यायचाच म्हणून. मला ते सगळ्यांत आवडतात.

सोबत पाच जणांच्या फॉर्मची झेरॉक्स पाठवतोय, आडनावं कापून. तू अठ्ठावीस वर्षं नर्स होतीस, तुला मजा वाटेल.

तुझा दमलेला भाचा,
नीलेश


वरची वाडी
२३ नोव्हेंबर २०२४

चि. निलू,

ऐकू न येणाऱ्या म्हातारीचे आशीर्वाद. संचिता आणि सान्वीलाही वाटून दे.

पत्र वाचून मजा वाटली. चिमट्याचं वाचून तर हसू आवरेना. आमच्या उपकेंद्रात आम्ही माणसांना चिमटे काढायचो ते तोंडाने. सान्वीच्या बाईंना माझा नमस्कार सांग, त्यांना चित्र कळतं.

आता फॉर्मबद्दल. चष्मा लावून दोनदा वाचले. कंबर छत्तीस, साडेएकतीस, त्रेचाळीस, सगळ्यांची वेगवेगळी. वजन वेगळं, चरबी वेगळी. आणि प्रेशर? तेवीस वर्षांच्या रोहितचं एकशेवीस-ऐंशी. डब्यांचा धंदा करणाऱ्या द्वारकाचं एकशेवीस-ऐंशी. एकसष्ट वर्षांच्या नाथांचं एकशेवीस-ऐंशी. उरलेल्या दोघांचंही तेच. नाडी पाचही जणांची बहात्तर. एवढी निरोगी आणि एवढी एकसारखी माणसं मी उभ्या नोकरीत पाहिली नाहीत. भाईंदरच्या पाण्यात काही असेल तर एक बाटली पाठवून दे.

निलू, तू माणसाला पाच मिनिटं बसवतोस का? पाठ टेकून, पाय जमिनीवर, एकावर एक टाकायचे नाहीत. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. बोलायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. पाच मिनिटं झाली की मगच पट्टा बांधायचा, आणि एकदा नाही, दोनदा मोजायचं. त्या पाच मिनिटांशिवाय आलेल्या आकड्याला मी आकडा म्हणत नाही.

यापुढे आपण असं करू. प्रत्येक पत्राखाली मी माझी बसल्या जागेची नाडी लिहीन, तू तुझी लिही. सराव राहील.

माझी ६८.

सुलूआत्या


इंद्रलोक
५ डिसेंबर २०२४

सुलूआत्या,

नमस्कार. तुझं पत्र वाचून जरा राग आला, खोटं कशाला सांगू.

प्रेशरचं मशीन जुलैपासून जिममध्ये नाही. जितेशभाईने त्याच्या आईसाठी घरी नेलं. मी दोनदा आठवण करून दिली. 'कल लाता हूँ' म्हणाला, आणि तो उद्या अजून उजाडलेला नाही. मशीन नसलं तरी फॉर्मवर रकाना आहे. रकाना रिकामा दिसला की गिऱ्हाईक विचारतं. मग मी एकशेवीस-ऐंशी लिहितो. नाडीचं बहात्तर लिहितो. माझ्या आधीचा ट्रेनर तेच लिहायचा, शेजारच्या जिमवालेही तेच लिहितात. हे हॉस्पिटल नाही, आत्या. इथे लोक बारीक व्हायला येतात.

आणि पाच मिनिटं? जितेशभाई माझ्या मागे उभा असतो. म्हणतो, "पाँच मिनट में तो तीन फॉर्म हो जाते हैं, नीलेशभाई." वाट बघणारे चार जण समोर बाकावर. त्यात एखाद्याला मी नुसता बसवून ठेवला तर बाकीचे उठून जातील.

कंबर, वजन, चरबी हे मी नीट मोजतो. त्यात मी कधी फसवलेलं नाही. एका रकान्यावरून तू मला चोर ठरवू नकोस. मी खूप दमलोय. गुडघा दुखतो, डोकं दुखतं, आणि दिवसभर दुसऱ्यांना 'ताठ उभे राहा' सांगून माझीच पाठ वाकलीय.

तुझा हट्ट म्हणून, माझी नाडी ७२.

नीलेश


वरची वाडी
१४ डिसेंबर २०२४

निलू,

आशीर्वाद. रागावलास ते बरं झालं, निदान पत्र लवकर आलं.

तुझी नाडी बहात्तर नाही. दिवाळीत पाया पडलास तेव्हा मी तुझा हात धरून ठेवला होता, आठवतंय? तुला वाटलं म्हातारी माया करतेय. मायाही होती, पण बोटं सवयीने मनगटावर गेली होती. किती होती ते सांगणार नाही. तू मोज आणि तू सांग.

पोस्टमन महिपतचा मेहुणा भाईंदरला परत जातोय. त्याच्यासोबत माझं प्रेशरचं मशीन पाठवतेय, घड्याळासारखी तबकडी असलेलं, आणि कानाला लावायची नळीही. पट्टा हृदयाच्या पातळीला बांधायचा, हवा भरायची, मग हळूहळू सोडायची. पहिला ठोका ऐकू येईल तो वरचा आकडा, ठोके थांबतील तो खालचा. लहानपणी तू माझ्या टेबलाखाली बसून याच नळीने मांजरीचे ठोके ऐकायचास, तेव्हा शिकवायला नको.

मला वाईट वाटू नये म्हणून परत पाठवू नकोस. मला आता त्यातला ठोका ऐकू येत नाही. कपाटात ठेवून त्याची पूजा करायची का?

एकच अट. पाच मिनिटं.

माझी ६८.

सुलूआत्या


इंद्रलोक
७ जानेवारी २०२५

सुलूआत्या,

नमस्कार. उशीर झाला. नव्या वर्षात लोक देवळात कमी आणि जिममध्ये जास्त येतात. आज दुपारी बसून हे लिहितोय, कारण मला तुझा सल्ला हवाय.

आधी तुला बरं वाटेल असं सांगतो. मशीन मिळालं. आरशाच्या मागे एक कोपरा आहे, तिथे मी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि फॉर्म भरायच्या आधी प्रत्येकाला तिथे पाच मिनिटं बसवायला लागलो. काय होतं माहितीये? माणसं झोपतात. रोहित तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागला. द्वारकाताई चाळीस लोकांचे डबे करतात. त्या बसल्या, डोळे मिटले, आणि त्यांच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मी घाबरलो, कुठे दुखतंय का विचारलं. म्हणाल्या, "नाही रे, मला कोणी नुसतं बस असं म्हटलंच नव्हतं कधी." त्यांचं प्रेशर एकशेअडतीस-अठ्ठ्याऐंशी आलं. रोहितचं एकशेदहा-सत्तर. दोघांचं एकसारखं आजवर आलेलं नाही, तुझं बरोबर होतं.

जितेशभाई वैतागलाय. म्हणतो, हे जिम आहे की धर्मशाळा.

आता नाथाकाका. त्यांचा तीन महिन्यांचा फॉर्म मागेच व्हायचा होता, दिवाळीच्या गर्दीत राहिला, तो परवा घेतला. वजन चार किलोने कमी, कंबर दोन इंचांनी कमी. ते खूश, मीही खूश. खुर्चीत बसवलं, पाच मिनिटं झाली, मोजलं. एकशेअठ्ठ्याहत्तर-एकशेचार. दुसऱ्या हाताला बांधलं. एकशेशहात्तर-एकशेचार. परत दहा मिनिटं बसवलं. तेवढंच.

ऑगस्टच्या फॉर्मवर माझ्या सहीने एकशेवीस-ऐंशी आहे. आता एकशेअठ्ठ्याहत्तर लिहिलं, तर एकतर माझ्या व्यायामाने ते एवढं वाढवलं, नाहीतर ऑगस्टला मी मोजलंच नव्हतं. तिसरा अर्थ निघत नाही. काकांनी विचारलं, "काय रं, किती हाय?" मी म्हटलं, मशीन जुनं आहे, बिघडलंय बहुतेक, दुरुस्त करून बघू. तेही लगेच म्हणाले, हो हो, बिघडलंच असेल, ऑगस्टमध्ये तर बरोबर होतं. मी त्यांना वजनं उचलू दिली नाहीत, नुसतं चालायला लावलं आणि घरी पाठवलं. रकाना रिकामा ठेवला.

जितेशभाईला सांगितलं तर म्हणाला, एकशेतीस-पंच्याऐंशी लिहून टाक, घाबरवू नकोस माणसाला, हळूहळू सांग.

आत्या, एवढं जुनं मशीन आहे. खरंच बिघडलं असू शकतं का? तू हो म्हणालीस तर माझा जीव भांड्यात पडेल.

माझी नाडी मोजायची राहिली.

नीलेश


वरची वाडी
१५ जानेवारी २०२५

निलू,

आशीर्वाद शेवटी, आधी काम.

मशीन बिघडलेलं नाही. दिवाळीआधीच मी ते रत्नागिरीला नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून घेतलं होतं. महिपतच्या मोबाईलवरून तुला दोन ओळी पाठवल्या आहेत, त्या या पत्राच्या आधी पोचतील: मशीन बरोबर आहे, आजच्या आज नाथांना डॉक्टरकडे ने आणि खरं सांग. त्याप्रमाणे गेला असशील तर पुढे वाच. गेला नसशील तर हे पत्र खाली ठेव आणि चपला घाल.

आता बस.

तू तेव्हा कॉलेजात होतास, म्हणून तुला हे माहीत नाही. २००८च्या गणपतीला लवू आला होता. तुझे बाबा ते तुझ्यासाठी, मला तो लवूच, तीन वर्षांनी धाकटा. खालच्या रस्त्यापासून बॅगा घेऊन चढून आला, ओसरीवर टेकला, चहा मागितला. मी कौतुकाने मशीन काढलं. हेच मशीन. एकशेसत्तर-शंभर. मी म्हटलं, चढून आलायस म्हणून असेल, पाच मिनिटं शांत बस, परत बघते. तेवढ्यात आरतीला हाक आली. तो उठला आणि जाता जाता म्हणाला, "सुलू, ठीक आहे ना गं?" इतका दमलेला चेहरा होता त्याचा. मी म्हटलं, "ठीक आहे, जा."

आठ दिवस होता तो. आठ दिवसांत पाच मिनिटं निघाली नसती का? निघाली असती. मीच मशीन पुन्हा काढलं नाही. दुसऱ्यांदा तोच आकडा आला असता तर मला बोलावं लागलं असतं. सणात कशाला, म्हटलं. जाऊन डॉक्टरला दाखव असं नुसतं तोंडाने म्हणाले, कोणालाही म्हणतात तसं. पुढच्या एप्रिलमध्ये तो भाईंदरच्या जिन्यात पडला, तो उठला नाही. त्रेपन्न वर्षांचा होता.

तुझी आई अजून आल्यागेल्याला सांगते की वन्संनी गणपतीत तपासलं होतं, तेव्हा सगळं ठीक होतं. पंधरा वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. कान गेले तरी ते ऐकू येतं.

तू चोर नाहीस. तू माणसांना बरं वाटावं म्हणून लिहिलंस, किंवा दमला होतास म्हणून. मीही तेच केलं. तुझा माणूस अजून जिवंत आहे, एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

माझी ६८.

तुझ्या बाबांची बहीण,
सुलू


इंद्रलोक
२९ जानेवारी २०२५

आत्या,

नमस्कार.

महिपतचा मेसेज आला त्याच दुपारी गेलो होतो. पत्र नंतर आलं. बाबांबद्दलचं वाचलं. आईला मी काही सांगितलेलं नाही, आणि ते तू सांगायचं की नाही हे तूच ठरव. माझा तुझ्यावर राग नाही, हे मात्र लिहितो, कारण तू तेवढंच शोधत हे पत्र वाचशील.

आता चेणे. साडेबाराला पोचलो. काका जेवायला बसत होते, शेवंतीकाकू वाढत होत्या. मी आत पाय ठेवला आणि समोरच देवघर. एकवीरेच्या फोटोशेजारी माझा ऑगस्टचा फॉर्म. प्लास्टिक घातलेला, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलेला. मी तिथेच उभा राहिलो. सगळं पाठ करून गेलो होतो, सगळं विसरलो. नुसतं म्हटलं, काका, त्या कागदावरचं प्रेशर मी मोजलेलं नव्हतं. मनाने लिहिलं. त्या दिवशीचं खरं आहे, मशीन बिघडलेलं नाही.

काकांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "मना म्हायत व्हता. तू पट्टा बांधलाच न्हाय, मना काय कलत न्हाय? पन तू लिवलास, आन मना बरा वाटला."

मग हळूहळू बाहेर आलं. सहा वर्षांपासून त्यांना प्रेशरची गोळी चालू होती. फॉर्मवर 'काही आजार?' याच्यापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं होतं, कारण हो लिहिलं तर मी वजनं उचलू देणार नाही आणि पालखीचं राहून जाईल. आणि माझा कागद घरी नेऊन दाखवला, की बघा, जिमवाल्यांनी तपासलं, मला काही नाही. त्या दिवसापासून गोळी बंद. त्यांनी माझ्यापासून लपवलं आणि मी त्यांना खोटं दिलं. दोघांनी मिळून पाच महिने त्यांच्या जिवाशी खेळ केला.

काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात धुतले, देवघरातून कागद काढला, प्लास्टिक सोडवलं. म्हणाल्या, "मीनीच ठेवलाय यो हितं. रोज सकाली याला हात जोरते मी." एवढंच. मला जेवायला बसवलं. मी बसलो.

तीन वाजता काकांना घेऊन त्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ते खूप बोलले, दोघांनाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, दोन. रोज चालायला हरकत नाही, वजन उचलायचं नाही, आणि या चैत्रात पालखीला खांदा नाही. बाहेर आल्यावर काका स्कूटरला टेकले. मग म्हणाले, पालखीच्या पुढे चालायला तर कोणी नको म्हणत नाही ना.

दुसऱ्या दिवशीपासून जुलैनंतर फॉर्म भरून माझ्याकडे नियमित येणाऱ्या सगळ्यांना एकेक करून सांगितलं. सव्वीस जण. तिघांनी येणं बंद केलं. एकाने जितेशभाईकडे तक्रार केली. जितेशभाई म्हणाला, "किसी ने पूछा था क्या?" त्याने मला काढलं नाही, पण तपासणीच्या टेबलावरून हटवलं. आता तिथे धर्मेश बसतो, नवा आहे. त्याला मी खुर्ची, मशीन, सगळं दाखवलं. काल सहज फॉर्मवर नजर गेली. एकशेवीस-ऐंशी. मी मालकाला सांगितलं, धर्मेशला सांगितलं, आता पुन्हा सांगेन. पण आज माझ्यात जोर नव्हता.

नीलेश


वरची वाडी
७ फेब्रुवारी २०२५

निलू,

आशीर्वाद.

राग नाही हे वाक्य मी खरंच शोधत होते. सापडल्यावर पत्र तसंच मिटून ठेवलं आणि बाकीचं संध्याकाळी वाचलं.

तुझी आई शिमग्याला इकडे येईल तेव्हा मी तिला सांगणार आहे, तोंडाने. पत्रात लिहिणं माझ्यासाठी सोपं पडतं, म्हणूनच.

सव्वीस जणांना सांगितलंस. सत्ताविसावा राहिलाय. दोन पत्रं झाली, मी खाली बघते, तुझी नाडी नाही.

माझी ६८.

सुलूआत्या


इंद्रलोक
१९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

नमस्कार.

सत्ताविसाव्याचं ऐक.

नाथाकाका आता रोज सकाळी येतात, अर्धा तास चालतात आणि मग आरशामागच्या खुर्चीत बसतात. मी मोजतो. हळूहळू उतरतंय, काल एकशेचव्वेचाळीस-नव्वद होतं. काल मोजून झालं, त्यांनी पट्टा सोडला आणि मला म्हणाले, आता तू बस. मी म्हटलं, काका, साडेआठचा माणूस येईल. त्यांनी माझा खांदा धरला आणि बसवलंच. मिठागराचे हात आहेत ते, उठता आलं नाही.

पाठ टेकली. पाय जमिनीवर ठेवले. समोर आरशाची मागची बाजू, नुसतं तपकिरी लाकूड. मला वाटलं होतं की डोक्यात सगळे हिशेब येतील, धर्मेश, जितेशभाई, सान्वीची फी. काहीच आलं नाही. मला झोप लागली.

जाग आली तेव्हा सव्वानऊ वाजले होते. काका स्टुलावर बसून होते. साडेआठचा माणूस त्यांनीच ट्रेडमिलवर चालायला लावला होता. जितेशभाई दोनदा येऊन गेला म्हणे, दोन्ही वेळा काकांनी त्याला तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ब्याण्णव. झोपून उठल्यावर, आत्या. नळीने प्रेशर बघायला त्यांना येत नाही, म्हणून दुपारी मला त्यांच्याच डॉक्टरकडे घेऊन गेले. मागच्या वेळी मी त्यांना नेलं होतं त्याच बाकावर बसलो. एकशेबावन्न-अठ्ठ्याण्णव.

डॉक्टरांनी वडिलांचं विचारलं. सांगितलं. त्यांनी रक्त तपासायला लिहून दिलंय आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही पाळ्या करायला मनाई केलीय. संचिताला घरी आल्यावर सगळं सांगितलं. तिने माझ्या मोबाईलवरचा संध्याकाळच्या पाळीचा चारचा गजर काढून टाकला. आजपासून संध्याकाळची पाळी सोडलीय. कसं भागेल ते बघू.

मी अडतीस वर्षांचा आहे आणि मला भीती वाटते. ते कोणाला सांगायचं म्हणून तुला सांगतो.

माझी ९२. मोजलेली आहे.

नीलेश


वरची वाडी
२ मार्च २०२५

निलू,

तुला, संचिताला, सान्वीला आशीर्वाद, आणि नाथांना माझा नमस्कार. त्यांच्या हातांना विशेष.

तुझा आकडा मिळाला. वाईट आकडा आहे, पण खरा आहे, आणि खऱ्या आकड्याला औषध देता येतं. घाबरलास ते योग्यच आहे. डॉक्टर सांगतील तसं कर आणि दर आठवड्याला मला कळव.

आता माझं. तुझं पत्र वाचून दोन दिवस मी लिहायला बसते आणि उठते. ६८ हा आकडा माझ्या निवृत्तीच्या तपासणीत आला होता, २०११ साली. तोच मी प्रत्येक पत्राखाली लिहीत आले. एकदाही मोजली नाही. लवू गेल्यापासून दुसऱ्याच्या मनगटावर माझी बोटं आपोआप जातात, स्वतःच्या मनगटावर मी ती कधी नेली नाहीत. तुझे पाच फॉर्म मी दोन मिनिटांत पकडले, कारण न मोजता आकडा लिहिणं हा माझाही धंदा होता.

काल सकाळी ओसरीवर खुर्ची टाकली. पाच मिनिटं बसले. मोजली. सत्तेचाळीस. मधेच एक ठोका पडायचा राहून जातो, मग दोन घाईघाईने येतात. तीन वेळा मोजली, तिन्ही वेळा तसंच. गेले दोन महिने विहिरीवरून येताना मला वाटेत दोनदा बसावं लागतं, हेही तुला कळवलं नव्हतं. घाबरले नाही असं लिहिणार होते, पण आता तसं लिहिता येत नाही.

रत्नागिरीला दवाखान्यात जायला हवं. डॉक्टर काय म्हणतील ते मला ऐकू येणार नाही, आणि ऐकून मला सांगणारं कोणीतरी हवं, जे ठीक आहे म्हणून सांगणार नाही. तुझी संध्याकाळची पाळी सुटलीय, तेव्हा दोन दिवसांची रजा मागणं जमेल. मी महिपतच्या मोबाईलवरूनही कळवतेय, पण पत्रही लिहिलं, कारण आकडा पत्राखाली लिहायचा असं आपलं ठरलंय.

माझी ४७.

येताना मशीन घेऊन ये. मी बसून राहते.

सुलूआत्या